आधी बेस, की आधी ॲम्प?

आज पहाटे दार उघडलं तर समोरच्या घरापुढे रांगोळी काढून झाली होती आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवलेलं होतं. म्हणजे मार्गळी लागली. मार्गळी हा इकडचा मार्गशीर्षच, फक्त तो डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, संपतो. ह्या महिन्यात कुंभकोणमचे लोक वर्षभराचं उशिरा उठणं फेडून टाकतात. देवळांचे भोंगे आधी जागे होतात, मग आम्ही. कावेरीवरून जरासं धुकं येतं, इतकं थोडं की त्याला धुकं म्हणायलाही संकोच वाटावा, तरी आम्ही कानाला मफलर गुंडाळून एकमेकांना थंडी किती आहे ते सांगत फिरतो.

मला मात्र दर मार्गळीला तीन वर्षांपूर्वीची मार्गळी आठवते. त्या महिन्यात आमच्या घरात एकच वाद चालू होता. यमूने आधी नवी बेस गिटार घ्यावी, की आधी नवा ॲम्प?

यमू माझी मुलगी. तिचे वडील ती सहावीत असताना गेले, तेव्हापासून ह्या घरात आम्ही दोघीच. मी इथल्याच एका शाळेत फिजिक्स शिकवते. आमची मराठी शिवकाळात राजांबरोबर तंजावरला आलेल्या लोकांची. घरात ती बोलायची, उंबरा ओलांडला की तमिळ. तिच्यात 'हवं'ला 'होणा' आणि 'येत आहे'ला 'येऊलाहे' म्हणतात. आता लिहिते आहे ही मराठी मी पोस्टाने येणाऱ्या मासिकांतून शिकले, त्यामुळे ती कधी फार शहाणी वाटली तर दोष मासिकांचा.

बेस गिटार घरात आली ती यमू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना. लग्नांत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रातला वादक परदेशी निघाला होता, त्याने ती हिला दिली. चार जाड तारा, लांब दांडी, तांबूस काळा रंग, आणि सोबत तिचा आवाज मोठा करणारा, तांदळाच्या डब्याएवढा छोटासा ॲम्प. साध्या गिटारीसारखं हे वाद्य एकटं फारसं बोलत नाही. ते दुसऱ्यांच्या खाली उभं राहतं, त्यांना धरून ठेवतं. मी विचारलं, "हे वाजवून कोणाला ऐकू जाणार?" यमू म्हणाली, "थांबलं की कळतं." मला ते उत्तर फारच आगाऊ वाटलं होतं.

चार वर्षं ती मागच्या खोलीत वाजवत राहिली. मी पेपर तपासत बसलेली असायची आणि भिंतीपलीकडून टक टक टक असा बोटांचा आवाज यायचा, त्याच्यामागे कसलीशी घरघर. दुपारी शेजारच्या तिरुभुवनमला माझ्या मैत्रिणीकडे गेलं तर रेशमाच्या मागांवरून असाच ठेका यायचा. मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची, माझी मुलगी बेस वाजवते, मी रोज ऐकते.

त्या वर्षी यमूची इंजिनियरिंगची पदवी हातात आली होती आणि मार्गळी लागता लागता दोन पत्रंही आली. एक पुण्याहून, आवाज मोजण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं. दुसरं इथल्याच तिच्या कॉलेजचं, प्रयोगशाळेत शिकवण्याचं. दोन्हींना पोंगलच्या आत उत्तर द्यायचं होतं. यमूने दोन्ही पत्रं टेबलावर काचेखाली शेजारी शेजारी ठेवली. मी तिला एकदाही म्हणाले नाही की जाऊ नको. ह्याचा मला तेव्हा अभिमान होता. खरं म्हणजे, न म्हणता म्हणायच्या वाटा आईला पुष्कळ ठाऊक असतात.

आणि मग हा बेसचा वाद आला.

त्याची सुरुवात झाली माझ्या थोरल्या भावापासून. अण्णा मरुदानल्लूरला राहतो, इथून अगदी जवळ. तिथल्या भजनात तो पुढे बसून गातो. मार्गळीत रोज पहाटे. त्याची तंबोरा धरणारी बाई त्या वर्षी लेकीकडे बाळंतपणाला गेली होती. पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा त्याला राग. तो म्हणाला, यमूला आण तिच्या त्या जाड गिटारीसकट. मग आम्ही रोज पहाटे स्कूटरवरून निघायचो. मी चालवायची, माझ्या पायांशी तांदळाच्या डब्याएवढा ॲम्प, मागे यमू, तिच्या पाठीवर ती लांबलचक पिशवी. वाटेत शेतांवरून कुबट, ओला, गोड वास यायचा. चहाच्या टपऱ्या नुकत्या उघडत असायच्या. ती मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायची आणि झोपायची. मी गतिरोधकांवर अगदी हळू जायची.

पहिल्याच दिवशी अण्णाने तिला तारा जुळवताना पाहिलं.

"यमू, काय करूलीस? षड्ज कोठें आहे तुझा?"

"मामा, ह्याच्या तारांचे स्वर ठरलेले असतात. तुमचा स्वर मी बोटानं दाबून काढतें."

"दाबून काय म्हणून? वाद्यानं गाणाऱ्याच्या श्रुतीस येऊन बसावं. तंबोरा काय दाबून वाजवतात?"

आमच्याकडे ह्या विषयावर वाद होत नाही. गाणाऱ्याची पट्टी ठरलेली, आणि बाकी सगळं जग त्या पट्टीला लागायचं. यमूलाही ते पटलं, कारण तीही ह्याच घरातली. तिने चारही तारा पिळून पिळून अण्णाच्या षड्ज-पंचमात आणल्या. सगळ्यात बारीक तार फट्कन तुटली. अण्णा म्हणाला, तंबोऱ्याचीही तुटते, दुसरी लाव. दुसरी लावली. मग मोकळ्या तारा छेडल्या आणि अण्णा डोळे मिटून म्हणाला, "हां. चोखट." बेस गिटारला तंबोरा करून आम्ही तिघेही खूष झालो. कोणत्याही बेस वाजवणाऱ्याने हे पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

दोन आठवड्यांत वाद्य रुसलं. तारा दांडीपासून वर उचलल्या गेल्या, घरी दाबून वाजवताना यमूच्या बोटांना फोड आले, वरच्या पडद्यांवर स्वर बेसूर निघू लागले. त्यातच छोटा ॲम्पही खरखरायला लागला. यमू म्हणाली, दोनपैकी एक आता घ्यायलाच हवं. दोन्ही एकदम घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं.

"बेस घेतें," ती म्हणाली. "हातात धरायचं ते चोखट होणा."

"आणि ह्या डब्यातून वाजवणार ती चोखट बेस?" मी म्हटलं. "आधी ॲम्प घे."

हा वाद आम्ही पोहे खाताना घातला, कपडे वाळत घालताना घातला, पोंगलसाठी भांडी घासताना घातला. मी शाळेतली बाई. मुद्दे माझ्याकडे भरपूर. मी तिला सांगितलं की त्या जाड तारेच्या स्वराची एक लाट आठ मीटरांहून लांब असते, आपल्या दिवाणखान्यात ती पुरी मावतही नाही, आणि तू तिला तांदळाच्या डब्यातून बाहेर काढायला बघतेस. मोठा स्पीकर हवा, जड पेटी हवी. वाद्य कितीही उत्तम असलं तरी तोंडच बारीक असेल तर काय उपयोग? मी कागदावर आकृत्या काढल्या. यमू आकृत्या बघायची आणि एवढंच म्हणायची, "आई, बेस पाठीवर येते."

ती हे का म्हणते ते मला कळत होतं. मी कळून न कळल्यासारखं करत होते. बेस पाठीवर येते, म्हणजे ती पुण्याला जाते. ॲम्प जड, तो घरात राहतो. आणि ज्याचा ॲम्प घरात राहतो ते माणूसही कदाचित घरात राहतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवतं, संध्याकाळी पाचला परत येतं. माझ्या सगळ्या आकृत्यांच्या खाली हे होतं. माझे मुद्दे खोटे नव्हते, हीच तर अडचण होती. खोटे असते तर मला लाज वाटून मी थांबले असते.

मग एक दिवस यमूला ताप आला आणि मी एकटीच बेस घेऊन गोविंदन यांच्याकडे गेले. गोविंदन वीणा करतात. त्यांच्या ओसरीवर फणसाच्या लाकडाचे अर्धवट कोरलेले भोपळे ओळीने पडलेले असतात आणि पडदे बसवायच्या मेणाचा वास येतो. अशी गिटार त्यांनी आधी पाहिली होती की नाही कोण जाणे. त्यांनी ती बंदुकीसारखी डोळ्याशी धरली, एक डोळा मिटला आणि दांडीवरून नजर टाकली.

"हिला कुणी ओढलंय इतकं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मी अण्णाची सगळी गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसावं.

"वीणेची दांडी जाड असते, सोसते. हिची बारीक आहे. चढवलेल्या तारांनी ती वाकली. तारा उतरवा, दोन दिवस तशीच ठेवा. आत लोखंडी सळई दिसते, ती मग थोडी फिरवू. लाकूड चांगलं आहे, अम्मा. वाद्य चांगलं आहे. ह्याच्याहून चांगलं कशाला पाहिजे तुम्हाला?"

तुम्हाला खरं सांगते, मला इतका आनंद झाला की रस्त्यात स्कूटर थांबवून मी अर्धा किलो जिलेबी घेतली. बेस चांगली होती. म्हणजे नवी बेस घ्यायचं कारणच उरलं नाही. म्हणजे ॲम्प. मी जिंकले होते, तेही एका जाणत्या कारागिराच्या तोंडून. घरी आले तर यमू पांघरूण घेऊन पडली होती. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं. ॲम्प घेऊं." तिने भिंतीकडे कूस बदलली. जिलेबी तिने खाल्ली नाही. ताप होता, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या संध्याकाळी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना माझे हात मला आवडले नाहीत.

दोन दिवसांनी दांडी सरळ झाली. गोविंदननी सळई फिरवली, यमूने तारा पुन्हा मूळच्या स्वरांत लावल्या आणि मामाला फोन करून सांगितलं की आता दाबूनच वाजवणार. अण्णा दोन मिनिटं रागावला, मग म्हणाला, स्वर जागेवर असला की झालं.

पोंगलला चार दिवस उरले असताना आम्ही त्रिचीला गेलो. वाद्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. बासऱ्या काचेच्या कपाटात, गिटारी भिंतीवर, आणि कोपऱ्यात ॲम्पच्या काळ्या पेट्या. यमूने आपली जुनी बेस पिशवीतून काढली. दुकानदाराने एका पेटीला वायर जोडली. पेटी माझ्या कमरेएवढी होती. मी मनातल्या मनात तिला दिवाणखान्यात कोठे ठेवायची ते ठरवत होते. खिडकीखाली, वर एक कापड, त्यावर फुलदाणी.

यमूने जाड तार एकदा छेडली.

पहिल्यांदा मला वाटलं खालून लॉरी गेली. मग कपाटातल्या बासऱ्या काचेला लागून किणकिणल्या. तो आवाज कानात आलाच नाही आधी, तो पायाखालून आला आणि इथे, छातीच्या हाडात, येऊन थांबला. यमूने मान खाली घातली आणि ती वाजवू लागली. मागच्या खोलीत चार वर्षं जे वाजवत होती तेच. ती टक टक मला पाठ होती. पण त्या टकटकीच्या खाली हे एवढं सगळं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. लांब, शांत, रुंद स्वर, एकातून दुसरा निघणारा, कुठेच घाई नाही. ती मध्येच थांबली तेव्हा खोली एकदम हलकी, पोकळ झाली, आणि "थांबलं की कळतं" ह्याचा अर्थ मला बसल्या जागी कळला.

मी चार वर्षं माझ्या मुलीचं वाजवणं ऐकत होते असं मला वाटत होतं. मी त्यातलं वरचं वरचं ऐकलं होतं. खालचं सगळं तिने एकटीने, स्वतःच्या मनात ऐकलं असणार. नाहीतर इतकं चांगलं वाजवायला ती शिकली कशी? मला रडू आलं. परक्या दुकानात, परक्या माणसांसमोर मी पदराने डोळे पुसले. दुकानदार भला, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"आई, काय झालं? फार मोठा आहे का आवाज?"

"नाहीं. हेच घे."

"बरं."

"आणि घेऊन जा."

"कोठें?"

"पुण्यास."

यमूने बेस मांडीवर आडवी ठेवली. मग पेटीवर हात ठेवला.

"हे घरात ऱ्हायचं होतं न?"

"मज तसं होणं होतं," मी म्हणाले. "म्हणून मी ॲम्प, ॲम्प करीत होतें. ती अवघी आकृती-बिकृती त्याचसाठी."

"मज ठाऊक होतं, आई. म्हणून तर मी बेस म्हणत होतें. ॲम्प घेतला असता तर मला ऱ्हावं लागलं असतं."

"मग त्या दिवशी बरं का म्हणालीस?"

तिने बेसची वायर काढली. मग हळूच म्हणाली, "तू जिलेबी आणली होतीस."

ती माझ्यासाठी राहणार होती. ताप अंगात असताना, भिंतीकडे तोंड करून, तिने ते ठरवून टाकलं होतं, आणि मी तेव्हा जिलेबीचा पाक बोटाला लागला म्हणून हात धुवायला गेले होते. आजही ते आठवलं की मला त्या मार्गळीची थंडी वाजते. थोडं पुढेमागे झालं असतं, मी त्रिचीला गेलेच नसते, तर ती पेटी आज माझ्या खिडकीखाली असती, यमू पाचला घरी आली असती, आणि मी किती सुखी आहे असं मी गावाला सांगत फिरले असते.

पुण्याला होकाराचं पत्र तिने दुसऱ्या दिवशी पाठवलं. पोंगल झाला, दारात ऊस बांधला, गूळ घातलेला भात उतू गेला. मग एका सकाळी कुंभकोणम स्टेशनावर आम्ही दोघी आणि अण्णा त्या पेटीचं खोकं तीन बाजूंनी धरून डब्यात चढवत होतो. अण्णा धापा टाकत म्हणाला, "अग, तंबोरा पुरा झाला असता." यमू हसली, मी हसले. गाडी हलल्यावर मात्र मी अण्णाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तो बिचारा फलाटावर तसाच ताठ उभा राहिला. एवढ्या मोठ्या झालेल्या धाकट्या बहिणीचं काय करायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुण्यात तिची मराठी ऐकून लोक आधी चमकले. घरमालकीणबाईंनी विचारलं, तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का? यमूने मला हे फोनवर सांगितलं आणि आम्ही खूप हसलो. आता ती तिथे चौघांबरोबर वाजवते. गेल्या वर्षी तिने नवी बेसही घेतली. जुनी दिली नाही, दोन्ही आहेत. सुट्टी मिळाली की येते, मार्गळीत मिळतेच असं नाही. ह्या वर्षी मिळाली नाही.

मागची खोली मी अजून रिकामीच ठेवली आहे. पेपर तपासायला दिवाणखान्यात बसते. भिंतीपलीकडून काही येत नाही, हे पहिल्या वर्षी सोसवत नसे. आता सोसवतं. रोज सोसवतं असं मात्र म्हणणार नाही.

आज मरुदानल्लूरहून परतले, कॉफी टाकली आणि तिचा फोन आला. तिथे तिला कामावर जायचं होतं, तरी म्हणाली, पाच मिनिटं आहेत, नवं बसवलंय, ऐक. तिने फोन ॲम्पसमोर ठेवला. आता फोनचा स्पीकर नखाएवढा. त्या जाड तारेचा स्वर त्यातून बाहेर येणं शक्य नाही. मी वर्गात हेच शिकवते. येतात ते फक्त त्याच्या वरचे बारीक स्वर, आणि बोटांची टक टक. पण त्याच धड्यात मी मुलांना पुढचंही सांगते की वरचे स्वर नीट कानावर पडले, तर खालचा मूळ स्वर नसतानाही माणसाचं डोकं तो भरून काढतं आणि माणसाला तो खरोखरच ऐकू येतो. इतकी वर्षं हे मी फळ्यावर लिहीत आले.

कॉफी उकळून शेगडीवर सांडत होती. मी गॅस बंद केला, फोन कानाशी घट्ट धरला.

"आई," पलीकडून यमू म्हणाली, "खालचं ऐकू येऊलाहे का?"

"येऊलाहे," मी म्हणाले. "वाजव."